छप्पर पांढरं झालं की उठायचं

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं म्हणतात. माझी त्याहून कमी आहे. पुण्यातल्या आमच्या स्टुडिओत खिडकीजवळच्या खुर्चीपासून चहाच्या यंत्रापर्यंत, आणि यंत्रापाशी कोणी गप्पा मारत उभं असेल तर तेवढीही नाही. त्यामुळे ऐन मे महिन्यात भंडारा जिल्ह्यात जायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी नकारासाठी एक चांगलं वाक्य शोधायला घेतलं. वाक्य जुळेपर्यंत समीरसरांनी काढलेलं तिकीट फोनवर येऊन पडलं होतं.

"डिझाइन तुझं आहे," सर म्हणाले. "निदान शेवटचं बघून तरी ये."

शेवटचं, कारण ते डिझाइन नापास झालं होतं. आमचा स्टुडिओ प्राण्यांकडून कल्पना घेतो आणि त्यांतून माणसांच्या उपयोगाच्या वस्तू करतो. माझ्या वाट्याला रंग बदलणारे प्राणी आले. मी पुष्कळ वाचलं. काही सरड्यांच्या कातडीत बारीक स्फटिकांचे थर असतात. सरडा चिडला की त्या स्फटिकांमधलं अंतर बदलतं आणि त्यांवरून परतणारा उजेड वेगळ्या रंगाचा दिसतो. काही सरडे सकाळच्या गारव्यात गडद होतात, म्हणजे ऊन लवकर शोषता येतं, आणि दुपारी फिके पडतात. हे मला फार आवडलं. घरावरचं टिनाचं छप्पर असं का असू नये? थंडीत गडद, उन्हाळ्यात पांढरं. गरम चहा ओतला की ज्यांचा रंग उडतो असे कप मिळतात. त्याच जातीचा लेप टिनावर द्यायचा.

त्याच लेखांमध्ये असंही लिहिलं होतं की सरडे रंग बदलतात ते लपण्यासाठी कमी आणि दुसऱ्याला काही सांगण्यासाठी जास्त. तो भाग मी वाचला आणि सोडून दिला. लपण्यासाठी रंग बदलतात ते ऑक्टोपस. मला तेच जवळचे.

हिवाळ्यात करडीजवळच्या एका गावात एका घरावर आमचं छप्पर बसलं. (गावाचं नाव लिहीत नाही. गाव लहान आहे आणि पुढे जे घडलं त्यात माझी शोभा आहे.) बसवायला माझा सहकारी गेला, कारण तो लोकांशी बोलतो. मी पुण्यात बसून घरातल्या तापमानाचे आलेख बघत राहिले. मार्च गेला, एप्रिल गेला, घर काही गार होईना. छप्पर पांढरं व्हायचं ते आधी चांगलं तापल्यावर. तोवर आत भट्टी पेटलेली असायची. साधा पांढरा रंग मारला असता तर याहून बरं झालं असतं. म्हणून ठरलं, की मी जावं, छपराला साधा पांढरा रंग लावून घ्यावा, घरच्यांचे आभार मानावेत आणि परत यावं. थोडक्यात, मी माझ्याच कल्पनेच्या अंत्यविधीला निघाले होते, आणि पांढरं नेण्याची जबाबदारीही माझीच होती.

नागपूरला उतरून रंगाचे दोन मोठे डबे घेतले आणि भंडाऱ्याची बस धरली. खिडकीच्या दांडीला हात लावायची सोय नव्हती. शहापूरला कंडक्टरने काहीतरी पुकारलं, निम्मी बस उतरली, म्हणून मीही उतरले. सगळे उतरतात तेव्हा आपणही उतरावं, हे माझं जुनं धोरण आहे. उतरलेले लोक आपापल्या वाटेने गेले तेव्हा कळलं, की त्यांचं गाव आलं होतं, माझं नाही. बस माझे डबे घेऊन निघाली. ओरडायला हवं हे मला समजत होतं. मी हात वर केला, शाळेत करायचे तसा, खांद्याच्या जरा खालीच.

शेजारच्या हॉटेलातून (इथे चहाच्या टपरीलाही हॉटेल म्हणतात) एक बाई हे बघत होत्या.

"काहून बाई, बस सुटली का?"

"हो. म्हणजे, हो."

"मंग आवाज द्यायचा ना. गळा देल्ला ना देवानं?"

त्यांनी रस्त्यावरचा एक भरलेला ऑटो थांबवला आणि माझ्या वतीने एवढ्या मोठ्याने बोलल्या, की भंडारा येईपर्यंत ऑटोतल्या प्रत्येकाला माझी हकीकत पाठ झाली होती. भंडाऱ्याच्या स्टँडवर कंडक्टर माझ्या डब्यांवर पाय ठेवून बसले होते. "रंगवाल्या मॅडम तुमीच का जी?" मी मान हलवली. डबे हरवले असते तर मला परस्पर घरी जाता आलं असतं, असा एक विचार ऑटोत येऊन गेला होता. पण इथली माणसं फार प्रामाणिक निघाली.

पुढच्या बसने वैनगंगा ओलांडली. मे महिन्यात पुलाखाली पाण्यापेक्षा वाळूच जास्त होती. पलीकडे मात्र धान उभं होतं, उन्हाळी धान, कुठे हिरवट, कुठे कापणीला आलेलं पिवळं, आणि मधूनमधून तळाशी गेलेले तलाव. मी शेवटच्या थांब्याआधी, मला जायचं होतं त्याच गावात, स्वतःहून उतरले. एवढ्यावरच मला दिवसभराचं काम झाल्यासारखं वाटलं.

घर गावाच्या टोकाला होतं, तलावाच्या पाळीला (काठच्या बंधाऱ्याला) लागून. फोटोत इतक्यांदा पाहिलेलं छप्पर समोर आलं तेव्हा दुपार चढली होती आणि ते पांढरंफेक होतं. दोन उतरणी, एक तलावाकडे, एक गावाकडे. कुंपणाच्या काटक्यांवर एक सरडा बसला होता, डोकं लालभडक, पुढच्या पायांवर वर-खाली, वर-खाली. मी त्याच्यासाठी फोन काढला, तोच पडवीतून आवाज आला.

"त्याच्याकडं पाहू नका जी. रगत पिते ते दुरून. पाहा, डोकं कसं लाल झालं."

खाटेवर ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून घरमालक बसले होते, दामोदरभाऊ. गुडघे गेल्यामुळे ते शेतावर जात नाहीत, दिवसभर घरात. सरडा रक्त पीत नाही, या दिवसांत नर लाल होऊन मादीला बोलावतो, हे मला ठाऊक होतं. पण पहिल्याच भेटीत वडिलांच्या वयाच्या माणसाला हे कसं सांगायचं? "त्याला गरम होत असेल," मी म्हणाले.

"गरम तं आमाले बी होऊन राहिलं," दामोदरभाऊ म्हणाले. "आमी कुठं लाल झालो?"

तेवढ्यात पाळीवरून बायकांची रांग येताना दिसली. डोक्याला पदर, हातात विळे. सगळ्यांत पुढे वनमालाबाई होत्या, दामोदरभाऊंच्या घरच्या. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग छपराकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"तू बनवलं का वं हे?"

"हो, काकू. म्हणजे, रंगाचं."

"काकू कायले? मावशी म्हण. चल, जेवून घे."

जेवायला भात, लाखोळीची डाळ, सुकलेल्या झिंग्यांची (बारीक कोळंबीची) चटणी आणि कैरीचं पन्हं. चटणीने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. मी ते घाम म्हणून पुसलं. बाकीच्या बायका आपापल्या घरी गेल्या होत्या. एकटी शशिकला, वनमालाबाईंची शेजारीण, कूलरसमोर आडवी पडून मला न्याहाळत होती.

"घर तं काही गार होत नाही तुझ्या रंगानं," वनमालाबाई भात वाढता वाढता म्हणाल्या. "पहिले वाटलं, पोट्टीनं फसवलं आमाले."

मी माफी मागायला तोंड उघडलं.

"पण सोय लय झाली."

मग त्यांनी सांगितलं. या बायका गुत्त्याने (काम अंगावर घेऊन) धान कापतात. पहाटे उतरायचं, ऊन चढलं की निघायचं. पण निघायचं कधी, हे कोणी बोलायचं? "सगळ्याईले समजते का आता उठा लागते. पण जे पहिली उठली ते आळशी. मंग सालभर तिचंच नाव. म्हणून सगळ्या म्हणत, एक ओळ आणखीन. मंग आणखीन एक." त्यांनी शशिकलेकडे बोट दाखवलं. "मागल्या उन्हाळ्यात हे पडली बांधीत (धानाच्या वाफ्यात). लू (उन्हाची झळ) लागली. दवाखान्यात आमाले ओळखे नाही."

"तुले तं मी आताही नाही ओळखत," शशिकला पडल्या पडल्या म्हणाली.

"या साली कापता कापता हे छप्पर दिसलं तलावापलीकडून. सकाळी तपकिरी, ऊन झालं का पांढरं. मीच म्हटलं, छप्पर पांढरं झालं की उठायचं. कोणी म्हणायचं नाही एक ओळ आणखीन. कोणी म्हणायचं नाही, आज लवकर झालं. छपराशी भांडायचं नाही."

"आणि शेतमालक?"

"शालिकरामजी? घड्याळ लावलं असतं तं म्हणले असते, आज आभाळ आहे, कापा अजून. छपराले आभाळ समजते. आभाळ असलं का ते उशिरा पांढरं होते. मंग आमीही उशिरा उठतो. त्याईले पटलं."

ज्या खाटेवर मी जेवत होते तिच्याखालीच रंगाचे दोन डबे होते. मी भाताचा घास खाली ठेवला. आता सांगायला हवं, की मी हे छप्पर कायमचं पांढरं करायला आले आहे. सगळे शब्द मराठीतच जुळले होते, क्रियापदं शेवटी होती, सगळं ठीक होतं.

"भात छान आहे, मावशी," मी म्हणाले.

संध्याकाळी वनमालाबाई पाण्याला गेल्या तेव्हा मी हिंमत करून दामोदरभाऊंना सांगितलं. त्यांना ते आधीच माहीत होतं. सरांनी निरोप पाठवून गावातल्या मोरेश्वर पेंटरला सकाळी बोलावायला सांगितलं होतं. "घर गार होईन म्हणे. होऊ द्या ना जी. मी दिवसभर या टिनाखाली पापडावानी भाजून राहिलो."

हे मी आलेख बघताना कधी मनात आणलं नव्हतं, की तापमानाच्या त्या रेषेखाली एक माणूस बसलेला आहे. आता माझी अडचण दुप्पट झाली. छप्पर पांढरं केलं तर बायकांचं उठणं जातं, नाही केलं तर दामोदरभाऊ भाजतात. आणि ज्यांना सांगायला हवं त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. वनमालाबाईंना भाऊ सांगतील, असं मी मानलं. मी सांगेन, असं भाऊंनी मानलं. त्या परत येऊन जेवून झोपल्यादेखील.

सकाळी उठले तर वनमालाबाई शेतावर गेलेल्या. सरांना विचारू, काम थांबवता येईल का, असं ठरवून मी पाळीवर गेले, कारण गावात फोनला रेंज मिळते ती पाळीवरच्या आंब्याखाली. तलावापलीकडे बायका वाकलेल्या दिसत होत्या. आकाशात विरळ ढग होते. मी लिहिलं, "सर, एक छोटीशी शंका होती." पुसलं. "सर, हे चुकीचं वाटेल, पण." पुसलं. इंग्रजीत लिहिलं, तर ते एखाद्या विम्याच्या कंपनीसारखं वाटलं. पुसलं. "सर, मला वाटतं की" एवढं लिहिलं आणि मला नेमकं काय वाटतं याचा विचार करत मान वर केली.

मोरेश्वर पेंटर छपरावर होता. मी सांगेपर्यंत तो थांबेल असं मी गृहीत धरलं होतं. मी कोणाला काही सांगत नाही हे त्याला कसं माहीत असणार? शिडी पाळीच्या बाजूने लागत होती, म्हणून त्याने तलावाकडची उतरण आधी धरली होती. लांब दांड्याच्या रोलरने, फार सुरेख हाताने, वरपासून खालपर्यंत एक रुंद पट्टा पांढरा झाला होता. दुसरा होत होता.

मी वळून शेताकडे पाहिलं. टोकाच्या एका बाईने कमरेवर हात ठेवून वर बघितलं. ती काहीतरी म्हणाली. शेजारची उभी राहिली. मग तिसरी.

ऊन अजून कोवळं होतं. हे त्यांनाही जाणवत असणारच. पण नियम नियम होता. लवकर झालं म्हणायचं नाही, एक ओळ आणखी म्हणायचं नाही, छपराशी भांडायचं नाही. एकेक करून सगळ्या उठल्या आणि विळे घेऊन धुऱ्यावरून (बांधावरून) चालू लागल्या. मी हात वर केला. या वेळी खांद्याच्या बराच वर. आवाज मात्र आला नाही.

त्या पाळीवर चढल्या तेव्हा त्यांच्या मागोमाग मोटारसायकलवर शालिकरामजी आले. पांढरा सदरा, गळ्यात दुपट्टा, चेहऱ्यावर राग कमी आणि काळजी जास्त.

"वनमालाबाई, हे काय झालं? चहाच्या टायमाले उठल्या?"

"छप्पर पांढरं झालं ना जी."

"अन् तुमाले ऊन नाही समजत?"

"समजते. पण ठरलं ते ठरलं. उद्या तुमी म्हणान, आज ऊन कमी वाटते, बसा अजून."

शालिकरामजींनी आकाशाकडे बोट केलं. "वर पाहा. आभाळ येऊन राहिलं. उभं धान ओलं झालं तं मी काय करू? तुमचं छप्पर मले पटलं होतं. ते न तुमच्या बाजूचं होतं, न माह्या. आता ते बी माणसावानी झालं. राहू द्या. उद्या हार्वेस्टर बोलावतो मी. सकाळी लागलं का दुपारी शेत मोकळं."

 हार्वेस्टर एकदा या बांध्यांत उतरलं की विळ्याचं काम कायमचं गेलं, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. सगळ्यांचे चेहरे बघून ते कळत होतं. वनमालाबाई छपराकडे बघत होत्या. त्यांना तिथे मोरेश्वर दिसला होता. त्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं, पण बोलल्या काहीच नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं; मला गप्प बसता आलं असतं.

"छप्पर खोटं नाही," मी म्हणाले.

"काय म्हणते हे?" शालिकरामजींनी विचारलं.

"छप्पर खोटं बोललं नाही." माझा आवाज आता मलाही ऐकू आला. "ते अजून तपकिरीच आहे. वरचा पांढरा रंग मी लावायला लावला. साधा रंग आहे. कोणाला न विचारता. म्हणजे, भाऊंना विचारलं होतं. मावशींना नाही. त्यात छपराची चूक नाही. उन्हाने अजून काहीच केलेलं नाही."

हे सगळं एका दमात झालं. शशिकला माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"पोट्टी लाल झाली पाहा," ती म्हणाली. "त्या कुंपणावरच्या सरड्यावानी."

"रगत तं नाही ना पीत?" मागून कोणीतरी म्हणालं, आणि बायका हसल्या. शालिकरामजी हसले नाहीत, पण मोटारसायकल बंद केली.

त्याच वेळी माझा फोन वाजला. मघाशी हात वर करताना बोट लागून "सर, मला वाटतं की" एवढाच निरोप पुण्याला गेला होता. समीरसरांनी माझ्याकडून "मला वाटतं" असं कधी ऐकलं नव्हतं; ते घाबरून फोन करत होते.

"काय वाटतं तुला?"

आंब्याच्या सावलीत सगळ्या बायका, शालिकरामजी आणि शिडीवरून उतरलेला मोरेश्वर माझ्याकडे बघत होते. बाजूला जावं म्हटलं तर बाजूला रेंज नव्हती.

"सर, तलावाकडची बाजू पांढरी करायची नाही."

"पण आपलं ठरलं होतं. घर थंड ठेवायला ते छप्पर नापास आहे."

"हो सर, त्यात नापासच आहे. पण इथे ते दुसरंच काम करतंय." मी सांगितलं. मध्ये दोनदा अडखळले. एकदा वनमालाबाईंनी फोनकडे तोंड करून "बरोबर सांगून राहिली ते" असं म्हटलं. "गावाकडची बाजू पांढरी करू, सर. ती शेतातून दिसत नाही. खाट त्याच बाजूला सरकवता येईल. भाऊंना तेवढा तरी फरक पडेल."

सरांनी विचारलं, "ज्यांनी पैसे दिले त्यांना मी काय सांगू? थंड छप्पर मागितलं होतं त्यांनी."

"जे झालं ते."

"मग ते त्यांना तू सांगशील? बैठकीत, समोर उभं राहून?"

"हो," मी म्हणाले. फोन ठेवल्यावर काय कबूल केलं ते लक्षात आलं. बोलण्याचं बक्षीस म्हणून आणखी बोलणं मिळतं, ही व्यवस्था कोणी केली आहे कोण जाणे.

शालिकरामजी ढगांकडे बघत उभे होते. "चला मंग," शेवटी ते म्हणाले. "कापान ना?"

"एकदा उठवलं ना आमाले," शशिकला म्हणाली. "आता चहा पाजा, मंग कापू."

"मी कोठी उठवलं? या मॅडमनं उठवलं."

"मंग मॅडम पाजन." चहा मीच पाजला, चुलीवर तो कसा करतात ते शशिकलेने मला दाखवलं, म्हणजे मी कशी चुकते ते सगळ्यांना दाखवलं. मग बायका परत शेतात गेल्या आणि मी, मोरेश्वर आणि खाली शिडी धरून दामोदरभाऊ असे छपराच्या मागे लागलो. तणसाच्या (धानाच्या काडाच्या) चुंबळी ओल्या करून घासलं. दुसरा पट्टा ओला होता, तो निघाला. पहिला टिनावर सुकून बसला होता. मोरेश्वर म्हणाला, "माह्या हातचा रंग आहे मॅडम, असा नाही निघत." त्याला त्या क्षणीही अभिमान वाटत होता. गडद तपकिरी छपरावर एक पांढरा पट्टा राहिला तो राहिलाच.

त्या दिवशी ढगांमुळे ऊन धड पडेना. बायका कालच्यापेक्षा कितीतरी उशिरापर्यंत वाकलेल्या होत्या. शालिकरामजी धुऱ्यावर उभे राहून छपराकडे बघत होते, मीही पाळीवरून बघत होते. ढग सरकले, टिन तापलं, तपकिरी रंग आधी मळकट झाला, मग पिवळसर, मग फिका. टोकाच्या बाईने मान वर केली.

"झालं का?" कोणीतरी ओरडलं.

"नाही अजून. पट्टा दिसून राहिला ना वेगळा."

थोड्या वेळाने पट्टा दिसेनासा झाला. त्याच्या दोन्ही बाजूंचं छप्पर त्याच्याइतकंच पांढरं झालं होतं. बायका उठल्या. शालिकरामजींनी एकदा आकाशाकडे पाहिलं, एकदा छपराकडे, आणि धुऱ्यावरून बाजूला होऊन त्यांना वाट दिली. हार्वेस्टरचं नाव त्यांनी काढलं नाही.

"हे बरं झालं," वनमालाबाई पाळीवर आल्यावर मला म्हणाल्या. "आजवर रोज भांडण होई. एक म्हणे पांढरं झालं, एक म्हणे पिवळंच आहे. आता पट्टा दिसला नाही का उठायचं. असं पहिलेच काहून नाही केलं तू?"

मी काय सांगणार? महिनेच्या महिने खपून केलेला लेप घर गार ठेवत नव्हता, आणि जो भाग सगळ्यांत उपयोगी ठरला तो माझ्या गप्प बसण्यामुळे मोरेश्वरने चुकून रंगवला होता. मी म्हणाले, "सुचलं नाही, मावशी."

निघायच्या आदल्या दिवशी गावाकडची उतरण पांढरी झाली. दामोदरभाऊंनी खाट तिच्याखाली सरकवली, तीवर आडवे झाले आणि "जरासंक बरं वाटते" असं म्हणाले. आलेखात हे 'जरासंक' कसं दाखवायचं ते मला अजून माहीत नाही. वनमालाबाईंना मी एक गोष्ट मात्र त्यांनी न विचारताच सांगितली, की हा लेप उन्हाने हळूहळू मरतो. काही उन्हाळे गेले की छप्पर रंग बदलणं सोडून देईल.

"मंग तू येशीन ना रंग घेऊन," त्या म्हणाल्या, आणि वाटेत खायला म्हणून लाखोळीचे वडे बांधून दिले. कुंपणावर सरडा होताच, लाल डोक्याने वर-खाली करत. मला त्याचं थोडं कौतुक वाटलं. एवढ्या उघड्यावर, सगळ्या गावासमोर, आपल्या मनातलं डोक्यावर घेऊन बसायचं.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर तेच होते. "डबे कोठी गेले जी?" मी म्हणाले, "संपले." त्यावर त्यांचं समाधान झालं नाही, म्हणून सगळी गोष्ट सांगावी लागली, आणि मागच्या बाकावरच्या एका आजींनी ती मध्येच थांबवून पहिल्यापासून ऐकली. बैठकीचा सराव म्हणून मी ते चालवून घेतलं.

शहापूरला निम्मी बस उतरली. मी बसून राहिले. खाली ते हॉटेल होतं आणि चहाचा वास खिडकीतून आत येत होता. मी उभी राहिले आणि कंडक्टरला विचारलं, "बस किती वेळ थांबणार?" आवाज माझ्या अंदाजापेक्षा फार मोठा निघाला. सगळ्या बसने वळून पाहिलं. मी लाल झाले असणार. ते कळायला आरसा लागत नाही.

"चहा घेऊन या ना मॅडम," कंडक्टर म्हणाले. "थांबवतो."